सलोख्याचं काम शाळेचं आहे, पोलीस ठाण्याचं नाही

गणपती, ईद किंवा आंबेडकर जयंती जवळ आली की खानदेशातल्या पोलीस ठाण्यांमध्ये शांतता समितीच्या बैठका सुरू होतात. मंडळांचे अध्यक्ष येतात, मशिदींचे विश्वस्त येतात, नगरसेवक आणि पत्रकार येतात. मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजे किती वाजता बंद करायचा ते ठरतं, व्हॉट्सॲपवर काही वावगं दिसलं तर आधी ठाण्याला कळवा, असं बजावलं जातं. सणाची वेळ निभावून नेण्यासाठी या बैठका लागतातच, त्या बंद करा असं मी म्हणणार नाही. पण समाजासमाजांतला सलोखा टिकवण्याची आपली सारी व्यवस्था तेवढीच उरली असेल, तर ती चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वयात काम करते आहे. माणसं गटागटांत कशी वागतात याचा अभ्यास सामाजिक मानसशास्त्र कित्येक दशकं करत आलं आहे. त्यातून जे हाती लागलं ते पाहिलं की हे काम शाळेच्या वर्गाचं आहे याबद्दल मला शंका उरत नाही. आणि नेमकं वर्गातूनच आपण ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू काढून घेतलं आहे.

६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला. रक्कम किरकोळ होती. काही तासांत दोन जमाव समोरासमोर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, जमावानं पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होती.

अशा घटनांनंतर ‘समाजकंटकांचं काम’ असं म्हणून आपण मोकळे होतो. माणसाच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावातच शोधायचं आणि तो कोणत्या परिस्थितीत उभा होता याकडे पाहायचंच नाही, ही सवय जगभर आढळते. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली तिला माणसं समजून घेण्यातली मूलभूत चूक म्हटलं. राईनपाड्यात ज्यांनी हात उचलला त्यांचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही, शिक्षा व्हायलाच हवी. पण तो बाजार नेहमीसारखा भरलेला होता, माणसं मीठ-मिरची घ्यायला आलेली होती. ती जमाव कशी झाली, हे कळल्याशिवाय पुढचा राईनपाडा टळणार नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांबद्दल एक साधा हिशेब मांडला होता. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: विषय लोकांना किती जिव्हाळ्याचा आहे, आणि खरी माहिती किती धूसर आहे. गुणाकार असल्यामुळे यातली एक गोष्ट शून्यावर आली की अफवा मरते. पोटच्या पोराच्या काळजीचा जिव्हाळा कुणी कमी करू शकत नाही. कमी करता येते ती धूसरता. डवरी गोसावी म्हणजे कोण, ते गावोगाव का फिरतात, हे त्या बाजारात किती जणांना ठाऊक असेल? शेजारच्या बाकावर त्या समाजाचं मूल कधी बसलंच नसेल, तर ठाऊक होणार तरी कुठून?

इथे बरेच जण म्हणतील की आमच्याकडं सगळे गुण्यागोविंदानं राहतात, रोजचा संबंध आहे. संबंध आहे हे खरंच आहे. शहादा, तळोदा, चोपडा, यावल इथल्या आठवडे बाजारात पावरा, भिल्ल, तडवी, गुजर, लेवा, मराठा, मुस्लिम, बौद्ध, सारेच एकमेकांना भेटतात. पण ऑलपोर्टनं १९५४ साली पूर्वग्रहावर लिहिताना बजावलं होतं की नुसत्या भेटण्यानं पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी ते घट्टही होतात. त्यानं चार अटी घातल्या. भेटणाऱ्यांचा त्या भेटीतला दर्जा बरोबरीचा हवा, दोघांचं ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे, आणि या सगळ्याच्या पाठीशी कायदा, संस्था किंवा वडीलधाऱ्यांचं पाठबळ उभं हवं. बाजारातल्या भेटीला या अटी लावून पाहा. मका-ज्वारी घेऊन सातपुड्यातून उतरलेला शेतकरी आणि भाव सांगणारा व्यापारी वर्षानुवर्षं दर आठवड्याला भेटतात. दर्जा बरोबरीचा नाही, हित एक नाही. दोघांच्या मुलांची एकमेकांच्या घरी कधी पंगत पडत नाही.

देवाणघेवाण आणि बरोबरी यांतलं अंतर किती असू शकतं, हे खानदेशानं १९२९ साली पाहिलं आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर धुळ्याला आले होते. परतताना तिथल्या महार मंडळींच्या आग्रहावरून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. बराच वेळ गेल्यावर तोडगा निघाला तो असा, की टांगा भाड्यानं मिळेल, हाकणार मात्र टांगेवाला नाही. मग ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती अशा एका माणसानं लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलापाशी टांगा उलटला, घोड्यासकट पाण्यात गेला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर आणि विधिमंडळाचा सदस्य असलेल्या माणसाचे पैसे चालत होते, त्याच्या पुढ्यात बसून घोडा हाकणं चालत नव्हतं. आजचा आपला बराचसा ‘रोजचा संबंध’ त्या भाड्याच्या टांग्याच्या जातीचा आहे, असं मला वाटतं.

मुझफर शेरीफ हा तुर्कस्तानात जन्मलेला संशोधक. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात उन्हाळी शिबिरासाठी आणलेल्या अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे त्यानं दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच झेंडे जाळणं, शिवीगाळ, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले इथवर मजल गेली. नंतर दोन्ही गटांना एकत्र बसवून जेवू घातलं, तर जेवणाचीच फेकाफेक झाली. शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, म्हणजे एकट्या गटाला न सुटणारी अडचण दोघांवर एकदमच आली, तेव्हा कुठे वैर ओसरायला लागलं. पुढे हेन्री ताजफेल यानं ब्रिस्टलमध्ये दाखवलं की भांडायला कारणही लागत नाही. हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू होता, युद्धकैदी म्हणून वाचला आणि घरी परतला तेव्हा नात्यातली जवळपास सारी माणसं मारली गेलेली होती. कुठल्या चित्रकाराची चित्रं जास्त आवडतात अशा क्षुल्लक खुणेवरून त्यानं मुलांचे गट पाडले, तरी मुलं पैसे वाटताना आपल्या गटाला झुकतं माप देत होती.

हे प्रयोग मोलाचे आहेत, पण ते जसेच्या तसे उचलून जातीला लावणं मला पटत नाही. शिबिरातली मुलं तीनेक आठवड्यांनी घरी गेली. जात घरीच राहते. तिच्यामागे जमीन आहे, पाणी आहे, आणि १९१६ साली आंबेडकरांनी कोलंबियात वाचलेल्या निबंधात दाखवलं होतं तसं, गटाबाहेर लग्न न करण्याचा कडक नियम आहे. शिवाय जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मानसशास्त्रावरच बोट ठेवलं: या विषयातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू देशांतल्या माणसांवरून काढलेले आहेत आणि ते साऱ्या मानवजातीला चिकटवले जातात. तेव्हा आपल्या मातीतला पुरावा काय सांगतो, हे पाहिलं पाहिजे. सुदैवानं तो आहे.

मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात १,२६१ तरुण निवडले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची क्रिकेट लीग भरवली, बाकीचे तुलनेसाठी ठेवले. त्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही संघ एकाच जातिगटाचे होते, काही मिश्र, आणि कोण कुठल्या संघात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. ज्यांना आपल्याच संघात दुसऱ्या जातींचे खेळाडू मिळाले, त्यांची परजातीत मैत्री वाढली. पुढच्या सामन्यांसाठी खेळाडू निवडताना स्वजातीला झुकतं माप देणं कमी झालं, त्यांची आपसातली देवघेवही सुधारली. ज्यांच्या समोर मात्र दुसऱ्या जातींचे खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहिले, त्यांना असा फायदा दिसला नाही, काही बाबतींत परजातीशी संबंध उलट घटला. मैदान तेच, खेळ तोच, माणसं त्याच गावांतली. फरक एकाच गोष्टीनं पडला: दुसरा आपल्या बाजूला होता की समोर.

आता आपल्याकडं काय चाललं आहे ते पाहा. गल्लीगल्लीचे संघ तर होतेच, आता समाजासमाजाच्या क्रिकेट स्पर्धा होतात. दहावीचा निकाल लागला की प्रत्येक समाज आपापल्या गुणवंतांचा सत्कार आपापल्या मंगल कार्यालयात करतो. यांतली एकेक गोष्ट हौसेची आहे, त्यात वाईट हेतू नाही. पण सगळ्या मिळून अशी तऱ्हा झाली आहे की खानदेशातला मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्या समाजाच्या मुलाला गाठतो तो बहुधा समोरच्या संघात.

एकत्र येण्याची जागा होती ती शाळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटलांचं, सुताराचं, भिल्लांचं आणि तेल्याचं पोर एकाच ओळीत बसायचं. ती बरोबरी पुरती होती असा दावा मी करणार नाही, पाण्याच्या माठापासून फळ्यापर्यंत भेदभाव चालत असे. तरी वर्ग एक होता. आता ज्यांना परवडतं त्यांची मुलं पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, गावच्या शाळेत उरतात ती ज्यांना परवडत नाही त्यांची. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत, आणि तिथली असंख्य मुलं आश्रमशाळेत शिकतात, म्हणजे आपल्या समाजापलीकडचं मूल त्यांना भेटतच नाही. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर दुसरी सोय नसताना आश्रमशाळांनीच दोन पिढ्या शिकवल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण शहादा, दोंडाईचा, चोपडा, अमळनेर अशा गावांत वेगळं ठेवण्याचं कारण काय?

अनुदानित शाळांमध्ये एक वेगळीच चाळणी आहे: तुकड्या. ‘सेमी’ची तुकडी अ, मराठीची तुकडी क. कागदावर ती गुणांवरून किंवा माध्यमावरून पडते. प्रत्यक्षात वर्गात डोकावलं की कुठल्या वस्तीतली मुलं कुठे बसली आहेत ते दिसतं. छप्पर एक, घंटा एक, आणि आत दोन शाळा. मुलं हे आपल्याहून लवकर ओळखतात.

शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा जवळ नसते असं क्वचितच, म्हणजे तरतूद जवळपास संपत होती. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. त्या काळात चर्चा झाली ती प्रतिपूर्तीच्या, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकारनं शाळांना द्यायच्या, थकलेल्या पैशांची. संस्थाचालकांची ती तक्रार खरी आहे, सरकारनं पैसे वेळेवर द्यायलाच हवेत. पण ही तरतूद गरिबाच्या मुलावर केलेला उपकार आहे हे सगळ्यांनीच गृहीत धरलं, याचं मला दुःख झालं. गौतम राव यांनी दिल्लीच्या श्रीमंत खासगी शाळांतला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत घरची मुलं जास्त उदार झाली, मदतीला पुढे येऊ लागली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलणं त्यांच्यात कमी झालं. त्यांच्या इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, हिंदी आणि गणितावर परिणाम नव्हता. इंग्रजीचे चार गुण आणि माणसाला माणूस म्हणून निवडता येणं यांत काय मोलाचं, हे पालकांनी ठरवावं. माझं उत्तर ठरलेलं आहे.

मात्र नुसतं एका वर्गात बसवून भागत नाही, कारण वर्गात काय बोललं जातं यावर पुढचं सारं अवलंबून असतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या कोड्यामागे पैसे ठेवले. जात कुणालाच सांगितलेली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. जेव्हा प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं आणि आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. क्लॉड स्टील आणि जोशुआ आरनसन यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबद्दल असंच काही मांडलं होतं. त्या धर्तीचे प्रयोग पुढे पुन्हा करून पाहिले तेव्हा काहींचे निकाल तसे आले नाहीत, हेही नोंदवायला हवं. पण हरदोईचा निकाल वाचताना मला आपले वर्ग आठवतात. ‘एससी-एसटीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत’ ही हाक कुठल्या शाळेत दिली जात नाही? देणाऱ्या शिक्षकाच्या मनात काही नसतं, त्याला फॉर्म भरून संपवायचे असतात. उभं राहणाऱ्याला मात्र चाळीस डोळे टोचतात.

भाषेचंही तेच. अहिराणी बोलणारं, भिली किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत तोंड उघडतं, वर्ग हसतो, आणि पुढची दोन वर्षं ते गप्प बसतं. अहिराणीवाल्यांना हे हसू पुण्यात गेल्यावर चांगलं कळतं. दुर्दैव असं की तेच अहिराणीवाले शहाद्यात पावरी पोराला हसतात.

इथे जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत उपयोगी पडतो. दुसऱ्या संस्कृतीत वावरणाऱ्या माणसापुढे ते चार वाटा सांगतात: आपलं जपून तिकडचंही आत्मसात करायचं, आपलं सोडून तिकडचं व्हायचं, आपल्यापुरतं वेगळं राहायचं, किंवा दोन्हीकडून तुटायचं. पहिली वाट माणसाला सर्वांत जास्त मानवते असं त्यांना आढळलं, पण ती एकट्याला निवडता येत नाही, यजमान समाजानं तिला जागा द्यावी लागते. सुरतेत, उधना-लिंबायत भागात आपली लाखो खानदेशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत. ती गुजराती बोलतात, तिथे धंदे करतात, निवडणुका लढवतात, आणि श्रावणात कानबाई ही आपली खानदेशी देवीही बसवतात. आपल्याला त्यात कौतुकच वाटतं, वाटायलाही हवं. मग पावरा किंवा भिल्ल मुलानं धुळ्याच्या कॉलेजात शिकावं आणि आपली बोली, आपली भोंगऱ्याची, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराची, हौसही ठेवावी, हे आपल्याला का खुपतं? त्याला आपण ‘मुख्य प्रवाहात या’ असं सांगतो. सुरतेत आपल्याला कुणी असं सांगितलं तर आपण काय म्हणू?

या साऱ्या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डाव्या किंवा आदिवासी चळवळीतूनच येतो: मैत्रीच्या गोडव्यानं अन्यायाची धार बोथट होते. तमार सगी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याला पुरावाही दिला. बलिष्ठ गटाशी खेळीमेळीचा संपर्क आलेल्या दुबळ्या गटातल्या लोकांना वाटू लागलं की समोरचे न्यायानं वागतील. प्रत्यक्षात वाटणी करताना ते तसे वागले नाहीत. हा आक्षेप मी पूर्ण मानतो. सत्तरच्या दशकात शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या सोबतीनं आदिवासी शेतमजूर उभे राहिले ते जमीन आणि मजुरीसाठी, आणि त्यांना संघटनाच हवी होती. तिथे कुणी ‘आधी मैत्री करा’ म्हटलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता. वनहक्काचे दावे, ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची मजुरी, हे प्रश्न एका बाकावर बसून सुटणार नाहीत. पण ऑलपोर्टची पहिली अट बरोबरीच्या दर्जाची आहे, हे विसरून सलोख्याचं बोलणं हीच खरी फसवणूक. राखीव जागा, २५ टक्के प्रवेश, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती यांनीच ती बरोबरी उभी राहते. हक्क मागणाऱ्यानं मैत्री सोडावी, किंवा मैत्री करणाऱ्यानं हक्क सोडावा, अशी निवड मुलांपुढे ठेवण्याचं काहीच कारण नाही.

वर्गात काय करायचं हेही आता नवं राहिलेलं नाही. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका शाळेत आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट आरनसन यांनी तिथे पाठाचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणालाच पूर्ण पाठ कळणार नाही, अशी रचना केली. आपल्याकडं तापीवरचा पाठ असा सहज घेता येईल. तोरणमाळकडच्या मुलाला डोंगरातले नाले आणि जंगल ठाऊक, रावेरच्या मुलीला केळीला लागणारं पाणी आणि खोल गेलेल्या विहिरी, जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या मुलाला कापसाचा पुढचा प्रवास. परीक्षेत सगळ्यांना सगळंच विचारलं जाणार, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याकडे कान द्यावाच लागेल. याला खर्च नाही, शिक्षकाची थोडी तयारी लागते.

तुकड्या जूनमध्ये पडतात. कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. समितीची सभा बहुतेक गावांत खिचडी, गणवेश आणि इमारतीच्या दुरुस्तीवर संपते. या वेळी पालकांनी मुख्याध्यापकांना आणखी काही विचारावं. तुकड्या कशावरून पाडणार, आणि चिठ्ठ्या टाकून का नको? बाकावरची जागा दर महिन्याला बदलणार का? शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचणार की पालकांच्या फोनवर पाठवणार? पहिली-दुसरीला मुलांची बोली समजणारं कुणी आहे का, नसेल तर गावातलीच एखादी शिकलेली मुलगी मदतीला घेता येईल का? आणि स्नेहसंमेलनातल्या क्रिकेटचे संघ कोण निवडणार? उत्तरं सभेच्या वहीत लिहून घ्यावीत, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच वहीचं पान उघडून काय झालं ते पुन्हा विचारावं.